शिक्क्यापुरतं सीमोल्लंघन

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीयाच्या पासपोर्टमधला व्हिसा संपला, तरी एरवी त्याचं काही अडत नाही. तो तिथे कायदेशीरपणे राहतो, पगार घेतो, कर भरतो. मुक्कामाची मुदत वाढवल्याचं ‘आय-७९७’ हे पत्र टपालाने घरी आलं की काम भागतं. व्हिसा लागतो तो देशात शिरताना, आणि शिरायचं तर आधी बाहेर पडावं लागतं. त्यामुळे सांगलीला आईचं ऑपरेशन ठरलं किंवा पुण्यात धाकट्या भावाचं लग्न निघालं, की पासपोर्ट उघडून तारीख बघायची आणि पोटात गोळा यायचा. कारण नवा व्हिसा देणारी खिडकी अमेरिकेच्या हद्दीबाहेर.

आमच्या पिढीकडे यावर एक हुकमी तोडगा होता : शेजारचा देश. उत्तरेला टोरांटो, ओटावा, माँट्रियल, व्हँकुव्हर; दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेवर तिहुआना, सिउदाद हुआरेझ, नोगालेस. तिथल्या अमेरिकन वकिलातीत जायचं, व्हिसा घ्यायचा आणि परत यायचं. ऑफिसातल्या कुणी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि गाडीत मागच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट हँगरला लटकलेला दिसला, की बाकीच्यांनी विचारायचीही गरज नसे. ‘स्टॅम्पिंगला निघाला’ एवढंच. दसऱ्याला गावाची वेस ओलांडून, सोनं घेऊन, पुन्हा आपल्याच घरी यायचं असतं, तसं ते आमचं सीमोल्लंघन होतं. फक्त सोन्याच्या जागी पासपोर्टात चिकटवलेलं एक पान असायचं.

६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सूचना काढली, की पर्यटन, शिक्षण, नोकरी अशा तात्पुरत्या व्हिसांसाठी अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. भारतीय नोकरदार राहतो अमेरिकेत, आणि अमेरिकेत तर व्हिसा मिळत नाही. म्हणजे उरला भारत. त्या एका सूचनेने कॅनडाची चक्कर जवळजवळ इतिहासजमा झाली. ती कशी होती हे ज्यांनी केली त्यांनीच लिहून ठेवायला हवं, कारण आता तिशीत असलेल्या पोरांना ती दंतकथा वाटते.

पहिला शिक्का मात्र सगळ्यांचा मायदेशातलाच. आमच्या वेळी तो मुंबईत ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या लिंकन हाऊसमध्ये मिळे. वांकानेरच्या महाराजांचा हा समुद्राकाठचा महाल १९५७ मध्ये अमेरिकन सरकारकडे आला आणि २०११ पर्यंत तिथेच वकिलात होती. पुणे, नाशिक, कोल्हापूरची पोरं रात्रीच्या गाडीने निघून पहाटे त्या फुटपाथवर उभी राहायची. सोबत वडील, वडिलांच्या हातात छत्री, पिशवीत घरून दिलेला डबा. आत एकट्याला सोडायचे. बाहेर थांबलेल्या बापमंडळींची तेवढ्या वेळात ओळख व्हायची, मुलांचे पगार विचारून व्हायचे आणि कुणाच्या घरी लग्नाची मुलगी आहे तेही कळायचं. नंतर वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि ते फुटपाथ मोकळे झाले.

पण खरी कसोटी दुसऱ्या शिक्क्याची. तोवर माणूस तीन वर्षं अमेरिकेत राहिलेला, भाड्याचं घर, गाडीचे हप्ते, कदाचित पाळण्यात एक मूल. तेव्हा दोन मार्ग होते. एक टपालाचा. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण २००४ पर्यंत अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच देशातल्या देशात व्हिसा नवा करून देत असे. पासपोर्ट, फॉर्म आणि फी पाकिटात घालून सेंट लुईसच्या एका पोस्ट-बॉक्सवर पाठवायची आणि वाट बघायची. पासपोर्ट काही आठवडे हातचा जायचा. ज्याला घाई नाही, त्याने हा मार्ग घ्यावा. ज्याच्या घरी लग्न किंवा आजारपण, त्याने गाडी काढावी.

मी न्यू जर्सीत होतो आणि घाई होती, म्हणून २००१ च्या मे महिन्यात ओटावा गाठायचं ठरवलं.

एका देशाच्या व्हिसासाठी दुसऱ्या देशाचा व्हिसा आधी काढावा लागे, हा या प्रकरणातला पहिला विनोद. कॅनडात शिरायला भारतीयाला व्हिसा लागतो. त्यासाठी न्यूयॉर्कला सहाव्या ॲव्हेन्यूवरच्या कॅनडाच्या वकिलातीत सकाळी लवकर रांगेत लागायचं. मेक्सिकोचंही तसंच. मे २०१० मध्ये मेक्सिकोने अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्यांना व्हिसाची अट काढून टाकली, तेव्हा आम्ही हसलो होतो. कारण तिकडे जाणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असायचा.

अमेरिकन वकिलातीची वेळ फोनवर मिळायची. ९०० ने सुरू होणारा नंबर, मिनिटागणिक पैसे. तिकडची बाई सावकाश, स्पष्ट, एकेक अक्षर विचारून नाव लिहून घ्यायची. देशपांडे, कुलकर्णी ही नावं स्वस्तात सुटायची. सूर्यवंशी किंवा क्षीरसागर असाल तर आडनावावरच चार पैसे जास्त जायचे. ‘एस फॉर सॅम’ म्हणायला आम्ही तिथेच शिकलो.

मग फाइल. स्टॅम्पिंगची फाइल हा त्या काळातला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होता. आय-७९७ ची मूळ प्रत, कंपनीने केलेल्या अर्जाची जाडजूड नक्कल, कामगार खात्याचा मंजुरीचा कागद, मॅनेजरचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, वर्षाच्या पगाराचा डब्ल्यू-२ हा फॉर्म, कर भरल्याची विवरणपत्रं, बँकेचा हिशोब. त्यामागे भारतातला थर : विद्यापीठाची पदवी, आठही सहामाह्यांच्या गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, नगरपालिकेचा मराठी जन्मदाखला आणि त्याचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर. ज्यांची लग्नं मंगल कार्यालयात लागली आणि नोंदणी राहूनच गेली, ते विवाहाचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका आणि अख्खा अल्बम घेऊन निघत. यातलं खिडकीवर फार काही विचारलं जात नसे. पण जे न्यावं ते विचारत नाहीत आणि जे राहील तेच मागतात, यावर सगळ्यांचा गाढ विश्वास होता. चोवीस तास उघड्या असणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात आदल्या रात्री गेलं, तर दोन-तीन देशी चेहरे हमखास भेटायचे. एकमेकांच्या हातातला गठ्ठा बघून ‘कुठे? टोरांटो?’ एवढाच प्रश्न.

फॉर्म एकाच कागदाचा, पाठपोट. त्यात नाव, गाव, नोकरी, आणि मग तो प्रसिद्ध प्रश्न : जर्मनीच्या नाझी राजवटीने केलेल्या छळात तुमचा सहभाग होता का? सोलापुरात सत्तरच्या दशकात जन्मलेला माणूस न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात बसून त्यावर गंभीरपणे ‘नाही’ची खूण करायचा. फी होती ४५ डॉलर.

प्रवासाला निघताना जाणकारांचा एकच मंत्र : आय-९४ सोडू नका. पासपोर्टला टाचलेला तो छोटा पांढरा कागद म्हणजे अमेरिकेत राहण्याचा परवाना. एरवी देश सोडताना तो परत द्यायचा. पण कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्याला, व्हिसा संपलेला असला तरी, त्या कागदावर परत आत घेत असत. नियमाचं नाव मोठं होतं, अर्थ साधा होता : वकिलातीने व्हिसा दिला नाही तरी घर सुटत नाही. त्या एका कागदाच्या जोरावर माणूस बायकामुलांना घेऊन निर्धास्त निघायचा.

आम्ही निघालो ते मॅपक्वेस्ट या वेबसाइटवरून छापलेले रस्त्याचे कागद घेऊन. डेलावेअर वॉटर गॅपची खिंड ओलांडली, स्क्रँटनला ८१ नंबरचा रस्ता धरला. बिंगहॅम्टन, सिरॅक्यूज, वॉटरटाउन. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि साखरांबा. सिरॅक्यूजच्या पुढे रहदारी ओसरते आणि थाउजंड आयलंड्सचा पूल येतो. १९३८ साली झालेला हा पूल सेंट लॉरेन्स नदीवरून जातो. खाली पाण्यात झाडाझुडपांची बेटं, काही एवढी लहान की एक घर बांधलं की संपली. पूल उतरला की फलक इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत, वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणि पेट्रोल लिटरवर. तीन वर्षं मैल आणि गॅलनचे भागाकार केलेल्या डोक्याला एकदम माहेरी आल्यासारखं वाटायचं. कॅनडाचा डॉलर तेव्हा अमेरिकेच्या पासष्ट सेंटांच्या आसपास होता, त्यामुळे हॉटेलात शिरताना खिशालाही बरं वाटे. शेवटचा टप्पा ४१६ नंबरच्या महामार्गाचा. तो १९९९ मध्येच पुरा झाला होता.

ससेक्स ड्राइव्हवरची अमेरिकन वकिलातीची इमारतही त्याच वर्षी उघडलेली. काच आणि पोलादाची, लांबलचक, एखादं जहाज रस्त्यात नांगरल्यासारखी. एका बाजूला टेकडीवरची बाग, दुसऱ्या बाजूला बायवर्ड मार्केटची जुनी मंडई. २००१ च्या मे महिन्यात तिथे लोक सहज ये-जा करत होते. सप्टेंबरनंतर इमारतीभोवती काँक्रीटचे अडसर आले, आणि ओटावाकर बराच काळ त्यावर कुरकुरत राहिले.

रांगेत अर्धा भारत होता. तेलुगू मुलं फॉर्म तपासून देत होती, दोन चिनी विद्यार्थी शांत उभे होते, एक रशियन बाई पुन्हापुन्हा घड्याळ बघत होती. पुढे एक नागपूरचं जोडपं होतं. नवऱ्याकडे फाइल, बायकोकडे अल्बम. खिडकीतल्या अधिकाऱ्याने खरोखरच तो अल्बम उघडला, दोन पानं उलटली आणि अंतरपाटाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, मध्ये हे कापड कशासाठी? ती म्हणाली, ते बाजूला केल्यावरच लग्न लागतं. अधिकारी हसला. तिचा व्हिसा झाला. तिच्या प्रकारच्या, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर तेव्हा नोकरीची परवानगी कुणालाच नव्हती. २०१५ मध्ये ती काही जणांना मिळाली. एम.एस्सी. झालेल्या कित्येक बायका त्या वर्षांत अल्बम सांभाळत होत्या, हे स्मरणरंजनातही विसरू नये.

मला विचारलं ते तीन प्रश्न : कंपनी कोणती, काम काय, किती वर्षं. एवढा गठ्ठा आणला त्यातला एक कागद बघितला आणि बाकीचे सरकवून परत दिले. ‘दुपारी साडेतीनला या.’

तिथून पुढचे तास हा त्या चक्करीचा खरा मेवा. काम झालेलं, पासपोर्ट आत, हातात फक्त एक टोकन आणि समोर अनोळखी शहर. पर्यटक म्हणून ओटावाला आपणहून कोण आलं असतं? न्यू जर्सीचा मराठी माणूस पाहुणे घेऊन नायगाराला जातो, फार तर टोरांटोला. पण स्टॅम्पिंगमुळे आमच्यातल्या कित्येकांनी ही राजधानी पायी बघितली. पार्लमेंटच्या हिरवळीवर बसून पुऱ्या खाल्ल्या. पीस टॉवरच्या घंटांची तालवाद्यासारखी मैफल ऐकली. शातो लॉरिए हॉटेलच्या शेजारी रिडो कालव्याची आठ पायऱ्यांची जलद्वारं आहेत, १८३२ सालची. ती कर्मचारी हाताने चाक फिरवून उघडतात. बोट एका टप्प्यातून दुसऱ्यात उतरायला वेळ लागतो आणि कुणालाही घाई नसते. सकाळभर रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला ते दृश्य फार पटतं.

मे महिना होता, म्हणून डाउज लेकच्या काठी ट्युलिप फुलले होते. त्या फुलांची गोष्ट तिथल्या फलकावर वाचली आणि वाटलं, व्हिसाच्या रांगेतून आलेल्या माणसानेच ही वाचावी. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात गेला तेव्हा राजकन्या युलियाना मुलींसह ओटावात आश्रयाला आली. जानेवारी १९४३ मध्ये तिला तिसरं मूल होणार होतं. बाळ कॅनडाच्या भूमीवर जन्मलं, तर जन्मानेच ते कॅनडाचंही नागरिक झालं असतं; राजघराण्याला ते बाळ फक्त डच हवं होतं. मग कॅनडा सरकारने जाहीरनामा काढून प्रसूतीची जागा तेवढ्यापुरती आपल्या हद्दीबाहेरची ठरवली. सिव्हिक हॉस्पिटलमध्ये मार्ग्रीट जन्मली, निव्वळ डच म्हणून. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये नेदरलँड्सने कृतज्ञतेपोटी ट्युलिपचे एक लाख कंद पाठवले आणि पुढेही पाठवत राहिला. सरकारने मनावर घेतलं तर अडलेल्या माणसासाठी अख्खी खोली कागदावर देशाबाहेर नेता येते, हे मी त्या दुपारी शिकलो. पुढच्या वर्षांत याची वारंवार आठवण झाली, कारण आमचा काळ उलट दिशेने निघाला होता.

साडेतीनला पासपोर्ट मिळाला. संध्याकाळी पुन्हा पूल ओलांडला, अमेरिकन अधिकाऱ्याने नवा व्हिसा बघितला, ‘वेलकम बॅक’ म्हणाला. घरी पोचल्यावर पहिला फोन कॉलिंग कार्डावरून पुण्याला : झालं, तिकीट काढतो.

आता बदल कसे आले ते बघू. ते एकदम आले नाहीत. प्रत्येक वेळी एक सोय निघून गेली, आणि प्रत्येक वेळी त्याला कारणही होतं.

११ सप्टेंबर २००१ नंतर पहिला धक्का १ एप्रिल २००२ ला बसला. कॅनडा-मेक्सिकोत जाऊन ज्याने नव्या व्हिसासाठी अर्ज केला, त्याला तो व्हिसा मिळेपर्यंत आय-९४ च्या आधारावर परत येता येणार नाही, असा नियम झाला. वरवर बघता बारीकसा बदल, पण निर्धास्तपणा तिथेच संपला. त्याआधी नकार म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल. त्यानंतर नकार किंवा ‘अधिक तपासणी’ म्हणजे हद्दीपलीकडे अडकणं. आमचा एक मित्र कॅनडातल्या दुसऱ्या एका शहरात असाच अडकला. दोन दिवसांचे कपडे घेऊन गेलेला माणूस तिथून थेट मुंबईच्या विमानात बसला. बायको आणि वर्षाची मुलगी न्यू जर्सीत. आम्ही पाळीपाळीने त्यांचं दूध-भाजी बघितलं, अपार्टमेंटचं भाडं भरलं. त्याची गाडी सीमेपलीकडून आणायला दुसरा मित्र बसने गेला. सोळा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांना त्याच काळात डीएस-१५७ नावाचा जादा फॉर्म लागू झाला होता. आम्ही सगळे नेमके त्याच वयाचे.

दुसरा धक्का जुलै २००४ चा. नव्या कायद्याप्रमाणे व्हिसासाठी बोटांचे ठसे घेणं सक्तीचं झालं आणि टपालाने ठसे घेता येत नाहीत, म्हणून सेंट लुईसची ती सोय १६ जुलैपासून बंद. जे लोक घरबसल्या व्हिसा घेत होते तेही आता कॅनडाच्या रस्त्याला लागले.

तिसरा बदल २००७ च्या नोव्हेंबरचा. तोवर आय-७९७ ची मूळ प्रत खिडकीत दाखवली की ती पुरावा असे. आता अधिकाऱ्याला संगणकावरच्या मध्यवर्ती नोंदीत तुमची मंजुरी दिसली पाहिजे, असं ठरलं. हातात अस्सल, नक्षीदार कागद आणि पडद्यावर नोंद नाही, अशी माणसं हॉटेलचा मुक्काम वाढवत बसली. फाइलचं राज्य संपलं ते त्या दिवशी.

कॅनडाकडूनही दार अरुंद होत गेलं. २०१२ मध्ये बफेलोतल्या कॅनडाच्या वकिलातीतला व्हिसा विभाग बंद झाला. सकाळी पासपोर्ट देऊन थोडक्यात व्हिसा घेऊन येण्याचे दिवस सरले, अर्ज ऑनलाइन गेले, आणि २०१८ अखेर भारतीयांना कॅनडासाठीही ठसे द्यावे लागू लागले. याउलट भारतात जरा मोकळं झालं. २०१२ पासून जुना व्हिसा असलेल्या अनेकांना मुलाखतीशिवाय ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये कागद टाकून नवा व्हिसा मिळू लागला, म्हणून लोक म्हणाले, कॅनडा कशाला, आईला भेटून येऊ आणि तिकडेच करू. मग कोविड आला, वकिलाती बंद पडल्या, आणि उघडल्या तेव्हा भारतातल्या तारखांसाठी लोक महिनोन्महिने थांबले. २०२३ च्या फेब्रुवारीत तर दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासानेच भारतीय पर्यटकांना सुचवलं, की बँकॉकला जाणार असाल तर तिथे मुलाखत देता येईल. सीमोल्लंघनाला तेव्हा पुन्हा बरे दिवस आले होते.

आज माझा भाचा त्याच न्यू जर्सीत, त्याच प्रकारच्या, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याच्याकडे फाइल नाही. डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि बारकोडचं एक पान छापायचं, संपलं. नाझींचा तो प्रश्न गेला. २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. फी ४५ ची २०५ डॉलर झाली. आय-९४ चा टाचलेला कागद विमानतळांवरून २०१३ मध्येच गेला, आता तो वेबसाइटवर बघायचा. त्याच्या दहाही बोटांचे ठसे, फोटो, मंजुऱ्या, प्रत्येक येणं-जाणं सगळं सरकारच्या संगणकात आहे. आमच्याबद्दल त्यांना एका गठ्ठ्याएवढी माहिती होती. त्याच्याबद्दल जवळजवळ सगळी आहे. आणि तरी त्याला शिक्क्यासाठी बारा-तेरा हजार किलोमीटर जायचं आहे.

मागे घरी जेवायला आला होता, तेव्हा ओटावाची गोष्ट निघाली. म्हणाला, “मामा, तुम्ही खरंच गाडीने जाऊन संध्याकाळी व्हिसा घेऊन यायचात? मग घाबरायचात कशाला?”

मी म्हटलं, “घाबरायचो रे, पण भीती मोजून दोन रात्रींची असायची.”

त्याची भीती वेगळी आहे. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी गेली, आणि त्याच महिन्यात कॅनडाचा रस्ताही गेला. १५ डिसेंबरपासून एच-१बी अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली. भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या तारखा त्यामुळे पुढच्या वर्षावर ढकलल्या गेल्या, आणि सुट्टीला आलेली माणसं तिथेच राहिली. भाच्याच्या चुलत बहिणीचं लग्न नेमकं त्या हिवाळ्यात होतं. तो गेला नाही. अक्षता त्याने व्हिडिओ कॉलवर बघितल्या. त्याची चूक काही नव्हती, आणि कुणा अधिकाऱ्याने त्याला अडवलंही नव्हतं. त्याने नुसता हिशोब मांडला : नोकरी, भाडं, मुलाची शाळा एका बाजूला आणि अनिश्चित तारीख दुसऱ्या बाजूला.

आणखी एक फरक आमच्या लक्षात उशिरा आला. आमच्यासाठी स्टॅम्पिंग हा दोन-तीनदा करायचा प्रकार होता, मग ग्रीनकार्ड मिळे आणि विषय मिटे. कायद्याप्रमाणे एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या ठरावीक ग्रीनकार्डांपैकी एरवी सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत, आणि भारतीयांची रांग या काळात इतकी वाढली की आज लागलेल्याचा नंबर कधी येईल ते सांगणं अवघड. २००० सालच्या कायद्याने या रांगेतल्यांना व्हिसाची सहा वर्षांची मर्यादा संपल्यावरही मुदतवाढ मिळते, पण ती फार तर तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत. म्हणजे भाच्याचे केस पांढरे होईपर्यंत त्याला दर काही वर्षांनी हाच शिक्का लागणार. ज्याला एकदाच जायचं आहे त्याला दूर पाठवलं तर तो जाईल. ज्याला आयुष्यभर जायचं आहे त्याच्यासाठी खिडकी जवळ हवी.

ओटावाही बदललं आहे. पार्लमेंटची मुख्य इमारत २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. रिडो कालवा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. हिवाळ्यात तो गोठतो आणि त्यावर लोक स्केटिंग करतात. २०२३ च्या हिवाळ्यात बर्फच पुरेसं धरलं नाही आणि ती बर्फवाट पहिल्यांदाच उघडली गेली नाही. ट्युलिप मात्र दर मे महिन्यात येतात. ते बघायला जाणाऱ्या मराठी माणसांत आता हातात टोकन घेऊन वेळ काढणारा कुणी नसेल.

जुने दिवस सोन्याचे होते असं माझं म्हणणं नाही. एक तारीख, एक खिडकी आणि समोरच्याची मर्जी यांवर संसार टांगलेला असे, आणि तो मित्र अडकला ती वर्षंही जुन्याच दिवसांतली. पण तेव्हाच्या व्यवस्थेला एक गोष्ट कळत होती : आत राहणाऱ्या, तपासून झालेल्या माणसाला शिक्का जवळपास मिळावा. ती समज टपालाच्या सोयीत होती, आय-९४ च्या तीस दिवसांत होती, कॅनडाच्या खिडकीतही होती.

आणि हे आजही जमतं. टपालाने ठसे घेता येत नाहीत, हे २००४ मधलं कारण खरं होतं. पण आता दहा बोटांचे ठसे एकदा दिले की ते सरकारकडे जपलेले असतात. त्याच आधारावर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने वीस हजार एच-१बी अर्जांपुरता प्रयोग केला आणि पूर्वी कॅनडात किंवा भारतात व्हिसा घेतलेल्या काही जणांचे व्हिसा अमेरिकेतच नवे करून दिले. प्रयोग एप्रिलच्या सुरुवातीला संपला आणि पुढे वाढला नाही. भारताने अमेरिकेशी पुढच्या वाटाघाटीत मोठ्या घोषणांच्या आधी ही एक लहान मागणी ठेवावी : २००४ पर्यंत टपालाने होणारं आणि २०२४ मध्ये पुन्हा करून दाखवलेलं हे काम कायमचं सुरू करा. तोवर तिकडे असलेल्या आपल्या मुलांनी तिकीट काढण्याआधी पासपोर्टमधली तारीख बघावी, आणि इकडच्या आईवडिलांनी ‘यंदाही आला नाहीस’ म्हणण्याआधी तीच तारीख विचारावी.